संध्याकाळची गोळी

प्रतिभाला आधी दिसला तो हात. सुरज गोठ्यातून येऊन हौदावर हात धूत होता. बाही कोपरापर्यंत वर सरकवलेली होती, आणि डाव्या मनगटाच्या वर, दोन बोटं रुंदीचा जो कातडीचा तुकडा डॉक्टरांनी मुद्दाम लावला होता, तो लालसर झाला होता. ज्या माणसाचा चेहरा आज सुरजच्या हाडांवर होता, त्याच माणसाची ती कातडी. चेहऱ्याशी शरीराचं बिनसायला लागलं तर या तुकड्यावरही ते दिसेल, तपासायला कण काढायचा तर गालापेक्षा इथून काढलेला बरा, असं ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं. घरात त्याला सगळे ‘ठिगळ’ म्हणायचे.

“ठिगळ लाल दिसतंय,” ती म्हणाली.

“ऊन लागलं असंल.” सुरजनं बाही खाली ओढली, आणि हात न पुसताच घरात गेला.

ऊन लागायला तो उन्हात जातच नव्हता. टोपी, मास्क, वर छत्री असल्याशिवाय त्याला बाहेर पडायला मनाई होती. प्रतिभा हौदाजवळ तशीच उभी राहिली. लाल रंगाचं तिला जेवढं वाटलं नाही, तेवढं त्या बाही ओढण्याचं वाटलं.

न्हावऱ्याच्या पुढं, ओढ्याकाठी त्यांची वस्ती. सुरजच्या बापाच्या काळापर्यंत हे धनगराचं घर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं. आता चार गाया, दीड एकर ऊस आणि कांदा. चार वर्षांपूर्वी कडबा कापायच्या कुट्टी यंत्राचं पातं ढिलं झालं म्हणून सुरज झाकण उघडून, पाना घेऊन आत वाकला होता. लाईट गेलेली होती. ती आली, आणि घरातून कुणीतरी बटन दाबलं. पातं निसटून आलं ते नाक, वरचा ओठ आणि डावा गाल घेऊनच गेलं. बटन दाबलं होतं ते त्याच्या आईनं, तानुबाईनं. पोरगं रानात गेलंय असं समजून ती गायांना कुट्टी टाकायला निघाली होती. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि एकदाही कुणी बोललं नव्हतं.

त्यानंतर दीड वर्ष सुरज गमच्यात राहिला. नळीनं पातळ अन्न घ्यायचं, पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचं. मांडीची कातडी लावून झाली, बरगडीचं हाड लावून झालं, पण तोंड काही होईना. मग पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलनं विचारलं. अपघातात गेलेल्या एका तरुणाच्या घरच्यांनी होकार दिला. अठरा तास ऑपरेशन चाललं. सुरज परत आला तो नाक, ओठ, गाल घेऊन. सुजलेला, अनोळखी, पण चारचौघांत बसण्यासारखा. दुसऱ्या वर्षी तो गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायच्या कामाला लागला.

फक्त गोळ्या जन्माच्या होत्या. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. मिनिटाचा फरक चालायचा नाही.

ठिगळ लाल झाल्याच्या चौथ्या दिवशी ती त्याला पुण्याला घेऊन गेली. सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचं, रक्तात औषध किती उरलंय ते बघायचं. त्याला तिथले सगळे ‘लेव्हल’ म्हणायचे. ठिगळातून एक कणही कापून घेतला. दुपारी डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला.

“लेव्हल निम्म्यावर आलीय. आणि रिजेक्शन सुरू झालंय. गोळ्या चुकतायत.”

“वेळच्या वेळी घेतोय,” सुरज म्हणाला.

“हे बघा, तुमच्या शरीराला हा चेहरा परका आहे. ते त्याच्यावर कायम चालून जाणार. गोळ्या शरीराला दाबून ठेवतात. निम्म्या गोळीत निम्मं दाबलं जात नाही, सगळंच उठतं. मग फक्त चेहरा जात नाही. जखमा होतात, त्यात जंतू शिरतात, आणि माणूसही जातो.”

सुरज कागदाकडं बघत राहिला. पेशंटांचा पाठपुरावा ठेवणाऱ्या करुणा मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्यांनी आधी सुरजकडं पाहिलं, मग प्रतिभाकडं. “घरात आणखी कुणी काही देतंय का? काढा, चूर्ण, झाडपाला?”

सुरज नाही म्हणाला. पण प्रतिभाला एकदम आठवलं, की गेला महिनाभर सकाळी चुलीवर एक पातेलं झाकलेलं असतं. ते तिनं कधी उघडून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जागी होऊनही पडून राहिली. तानुबाई उठली, बांधावरच्या लिंबावर चढलेल्या गुळवेलीचं कांडं आणलं, ठेचलं, पातेल्यात टाकलं. पाणी निम्मं आटल्यावर गाळून पेल्यात ओतलं आणि सुरजला हाक मारणार, तेवढ्यात प्रतिभानं पेला धरला.

“कवापासनं चाललंय ह्ये?”

“सोड की. कडू हाय, पर गुणाचं हाय. करोनात समद्या वस्तीनं ह्योच काढा पिला. प्रतिकारशक्ती वाढती.”

“तीच वाढायला नको म्हनून गोळ्या हायत, आत्या! तिकडं डॉक्टर शक्ती दाबून ठेवत्यात, आन् हिकडं तुमी ती वाढवताय. कुणी सांगितलं तुमास्नी?”

“सांगायला कशाला पायजे? महिन्यामागंच पोराचा हात लाल दिसला. आई हाय मी.”

प्रतिभाला ते ऐकूनच घेता आलं नाही. तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. अडीच वर्षांत या बाईनं सुरजच्या चेहऱ्याकडं नीट बघितलेलं नव्हतं. ताट वाढताना त्याच्या हाताकडं बघायची, बोलताना भिंतीकडं. मेलेल्या माणसाचं तोंड आपल्या घरात नको, असं तर हिच्या मनात नसेल? आणि मग ते तोंडातून बाहेर पडलं, चार वर्षं दाबून ठेवलेलं.

“आधी बटन दाबलंत. आता ह्ये.”

तानुबाईनं पेल्यावरचा हात काढून घेतला. पेला प्रतिभाच्या हातात राहिला. म्हातारी बाहेर गेली, गोठ्यातल्या बाजेवर जाऊन बसली, आणि त्या दिवसापासून तिथंच जेवायला लागली. सुरज दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो वळून हौदाकडं गेला. प्रतिभाला वाटलं, निदान ओरडायला तरी पाहिजे होतं यानं.

काढा बंद झाला. डोस वाढवून दिला होता, तोही सुरू झाला. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, तर लेव्हल आणखी खाली. आता गालावरही डाग उठले होते, डाव्या डोळ्याखाली सूज होती, आणि दाढी करताना कातडी चुरचुरते असं सुरज म्हणत होता.

डॉक्टर म्हणाले, “काढ्यानं नुकसान झालं असेल, बंद केलात ते बरंच केलंत. पण लेव्हल एवढी काढ्यानं पडत नाही. औषध पोटात जातच नाहीये.”

करुणा मॅडमनी प्रतिभाला एकटीलाच बाहेर व्हरांड्यात नेलं. “ताई, स्पष्टच बोलते. काही पेशंट गोळी गालात धरतात आणि नंतर थुंकतात. वाईट म्हणून नाही, थकतात माणसं. एकदा विचारून बघा. त्यांना हा चेहरा हवाय ना?”

परतीच्या एसटीत तो प्रश्न तिच्या शेजारी बसून होता. सुरज खिडकीकडं तोंड करून मास्क लावून बसलेला. त्याला विचारायचं तरी कसं? पहिला महिनाभर तर तीच त्याच्याकडं बघू शकली नव्हती. शेजारी झोपलेल्या माणसाला हात लावायला हात धजत नव्हता. ते त्याला कळलं नसेल असं थोडंच आहे?

ती पाळत ठेवायला लागली. मोरीची जाळी उघडून बघितली, गादी उलटी केली, उकिरडा काठीनं उकरला. कुठं थुंकलेली गोळी सापडली नाही. सकाळची गोळी ती स्वतः हातावर ठेवायची, पाणी द्यायची, आणि त्याच्या गळ्याचं हाड खालीवर झालेलं बघायची. तिथं खोट नव्हती. राहिली संध्याकाळची. आठ वाजता तो केंद्रावर असायचा, म्हणून आठवड्याच्या सात गोळ्यांची पट्टी ती गुरुवारी सकाळी त्याच्या डब्यात ठेवायची. चुकू नये म्हणून प्रत्येक गोळीमागं निळ्या पेनानं वार लिहायची: गु, शु, श, र. रिकामी पट्टी त्यानं कधी परत आणली नव्हती. तिनंही कधी मागितली नव्हती.

केंद्रावर त्याच्याबरोबर इंद्रजीत नावाचा पोरगेला माणूस कामाला होता, दुधाच्या नोंदी करायचा. ती तूप द्यायचं निमित्त करून दुपारी गेली आणि बोलता बोलता विचारलं.

“गोळी? आठला डबा उघडताना बघितलंय की, आत काय त्ये न्हाई बघितलं,” इंद्रजीत म्हणाला. “गुरुवारी तेवढं म्हायती न्हाई. चार महिनं झालं, गुरुवारी सातलाच जात्यात ते. पुलावरनं खुटबावला. कुणी रखमाजी आप्पा हायत, त्यांची गाय बघायची म्हनं.”

“दर गुरुवारी?”

इंद्रजीतला आपण जास्त बोललो असं वाटलं. तो कॅन मोजायला लागला.

चार महिने एक गाय बघायला नदी ओलांडून जाणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. त्या दिवशी सुरज आंघोळीला गेल्यावर तिनं त्याचा मोबाईल उघडला. दर गुरुवारी संध्याकाळी एक फोन. नाव होतं, सायली. नुसतंच सायली.

प्रतिभा चुलीपुढं बसली. नवा चेहरा तिशीच्या आतल्या माणसाचा होता. गालावर सुरकुती नव्हती, दाढी दाट होती. त्या चेहऱ्यानं सुरजला पुन्हा तरुण केलं होतं आणि कुणीतरी ते ओळखलं होतं, असं तिच्या मनानं घेतलं. पण मग गोळ्या? गोळ्यांचं आणि त्या सायलीचं काय नातं, ते काही तिला जुळवता येईना. आणि जुळत नव्हतं म्हणूनच तिची झोप उडाली.

बुधवारी सकाळी तिनं माहेरी जाते म्हणून सांगितलं. माहेर कासुर्डीचं. चौफुल्यापर्यंत एसटीनं आली, आणि तिथून कासुर्डीची गाडी न धरता खुटबावच्या सहा आसनी रिक्षात बसली. रखमाजीचं घर पहिल्याच माणसानं दाखवलं. पत्र्याचं घर, पुढं स्वच्छ सारवलेलं अंगण. गोठाच नव्हता. गाय कुठून असणार!

साठीतला, वाळलेला माणूस बाहेर आला. तिनं नाव सांगितलं तसा त्याचा चेहरा उजळला.

“सुरजभाऊंची मंडळी? या, या. सायली, ताईला पानी आन.”

पाणी घेऊन आली ती एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. तोंडाला मास्क, हाडं दिसतील इतकी बारीक, आणि डाव्या हाताच्या कोपराजवळ दोरीसारखी फुगलेली शीर. असा हात प्रतिभानं हॉस्पिटलात बघितला होता. डायलिसिसवाल्यांचा असतो. ती जे जे बोलायचं ठरवून आली होती, त्यातलं काहीच त्या मुलीला बोलण्यासारखं नव्हतं.

“काय झालंय तुला?”

“किडनी बसवलीय. आप्पांची,” सायली म्हणाली.

प्रतिभाची नजर फळीवर गेली. देव्हाऱ्याशेजारी प्लॅस्टिकचा डबा होता, झाकण अर्धवट. ती उठली आणि न विचारताच तो डबा उघडला. वरच पट्टी होती, एकच गोळी उरलेली. तिच्यामागं निळ्या पेनानं ‘बु’ लिहिलेलं होतं. अक्षर तिचंच होतं.

“ह्या कुठनं आल्या, आप्पा?”

“भाऊच देत्यात की. हास्पिटलात वळख झाली, बाकावर. आमाला एक संस्था गोळ्या द्यायची, एक साल दिल्या. मग कागद अडकले. तवा भाऊ म्हनले, मला जादा येत्यात, मी आनून देतो.”

“जादा येत न्हाईत.” तिचा आवाज चढला. “ह्या त्येंच्या संध्याकाळच्या हायत. त्येंचं तोंड सुजलंय, आप्पा. महिनाभर मी घर उकरतीय, सासूला नको ते बोलले, आन् गोळ्या इथं!”

सायली जागच्या जागी खाली बसली. मग उठून तिनं ती पट्टी प्रतिभाच्या हातात कोंबली. “मला म्हायती न्हवतं, ताई. देवाशपथ न्हवतं.”

प्रतिभानं तिच्यावर विश्वास ठेवला. म्हाताऱ्यावर नाही. तो जमिनीकडं बघत होता.

“आन् तुमास्नी?”

रखमाजीनं डब्याचं झाकण लावलं. “मी इचारलं न्हाई,” तो म्हणाला. “इचारलं असतं तर कळलं असतं.”

हातातली गोळी घेऊन प्रतिभा अंगणात आली. ही आज रात्री सुरजच्या पोटात जायला हवी होती. तिनं नेली तर ही पोरगी आज काय घेणार? आणि ठेवली तर? तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता. म्हाताऱ्याचा, सुरजचा, ते कागद अडकवणाऱ्याचा. तिनं करुणा मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. 

“आधी त्या मुलीला फोन द्या,” मॅडम म्हणाल्या. सायलीला त्यांनी आठ-दहा प्रश्न विचारले, मग पुन्हा प्रतिभाला म्हणाल्या, “ती गोळी तिथंच ठेवा. सुरजला आज घरच्या साठ्यातली द्या, तुमच्यासमोर. आणि उद्या सकाळी दोघांनाही इथं हजर करा. दोघांनाही, कळलं?”

संध्याकाळी ती वस्तीवर परतली तेव्हा तानुबाई गोठ्यात धार काढत होती. प्रतिभा तिच्यासमोर उकिडवी बसली.

“आत्या, लेव्हल काढ्यानं पडली न्हवती.”

म्हातारीनं धार थांबवली नाही. “मग कशानं?”

तिनं सांगितलं. तानुबाईनं सगळं ऐकून घेतलं. “बापावर गेलाय,” ती म्हणाली. “त्यो बी असाच. मेंढरू आजारी पडलं की सोताची भाकर घालायचा.”

“बटनाचं बोलायला नको व्हतं मी.”

“खरं व्हतं ते.” बादलीत धार वाजत राहिली. “मी त्याच्या तोंडाकडं बघत न्हाई, ते तुला वंगाळ वाटतं. मला तिथं पातं दिसतं, पोरी. दुसरं कायबी न्हाई.”

त्या रात्री तानुबाई घरात जेवली. सुरजला प्रतिभानं फोन करून आठच्या आत केंद्रावरून बोलावून घेतलं, आणि त्याचं जेवण व्हायची वाट बघितली नाही. आठला गोळी हातावर ठेवली, गिळेपर्यंत बघितलं, आणि म्हणाली, “खुटबावला जाऊन आले.”

तो दचकला नाही. उलट खांदे सैल सोडून भिंतीला टेकला.

“तिची किडनी गेली तर ती जाईल, प्रतिभा. बापानं दिलेली हाय, दुसरी कोन देनार? माझं काय, तोंडच जाईल. गमच्यात ऱ्हायलोय की मी दीड वर्ष.”

“डॉक्टरांनी सांगितलं, मानूस बी जातो म्हनून.”

“ते आत्ता सांगितलं. तवर पोरीला सवय लागली व्हती. कसं थांबवू?”

“मला सांगायचं.”

“तू देऊ दिल्या नसत्यास.”

“न्हाईच!” ती म्हणाली. “अजाबात न्हाई. गमच्यात तुमी एकलेच व्हता का? नळीनं पेज कोन घालीत व्हतं? ह्या तोंडाकडं बघायला मला महिना लागला, त्यावर हात फिरवायला वरीस लागलं. आन् तुमी ते मला न इचारता वाटून टाकलं.”

सुरजच्या सुजलेल्या डोळ्यातून पाणी आलं. ते गालावरून ओघळलेलं त्याला कळलं की नाही, कुणास ठाऊक. त्या गालाला अजून पूर्ण संवेदना आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला भरती करून घेतलं. तीन दिवस शिरेतून जोरकस औषध दिलं. सायलीचीही लेव्हल तपासली. ती काठावर होती, पण किडनी शाबूत होती. डॉक्टर सुरजवर इतके ओरडले की शेजारच्या खोलीतल्या नर्स डोकावून गेल्या. मग तेच डॉक्टर खाली जाऊन संस्थेच्या माणसाशी फोनवर त्याहून मोठ्यानं बोलले. कागद निघेपर्यंत सायलीला हॉस्पिटलच्याच साठ्यातून गोळ्या मिळतील, अशी तजवीज करुणा मॅडमनी केली. निघताना रखमाजी सुरजच्या खाटेपाशी आला. त्यानं हात जोडले. सुरजनं ते धरून खाली केले. प्रतिभा खिडकीबाहेर बघत राहिली. त्या म्हाताऱ्याला माफ करायची तिची तयारी नव्हती, पण आपण त्याच्या जागी असतो तर विचारलं असतं का, हा प्रश्नही तिला सोडत नव्हता.

चेहरा वाचला. सूज उतरली, डाग फिके झाले. डाव्या ओठाचा कोपरा मात्र ताठ झाला तो झालाच. दोन वर्षं आरशासमोर बसून सुरज ओठ मिटायला शिकला होता. आता पुन्हा ‘प’ म्हणताना हवा निसटते, आणि बायकोचं नाव त्याच्या तोंडून अर्धंच निघतं. डॉक्टर म्हणतात, सुधारेल कदाचित. असं पुन्हा झालं तर मात्र आमच्या हातात काही नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलंय.

केंद्रावर त्यानं सकाळची पाळी मागून घेतली. संध्याकाळी आठला तो घरी असतो. प्रतिभा गोळी देते, पाणी देते, आणि म्हणते, “आ करा.”

तो तोंड उघडतो. ती जिभेखाली बघते, दोन्ही गालांत बघते. तानुबाई ताटं मांडताना हे रोज पाहते.

“लेव्हल नीट आली की गेल्या येळंला,” परवा तो वैतागून म्हणाला. “कवापातूर चालायचं ह्ये?”

“पुढची येऊ द्या,” प्रतिभा म्हणाली, आणि रिकाम्या पट्टीसाठी हात पुढं केला.